डावं चाक

दादाच्या गाडीला एकच खोड होती, आणि तीही आम्हीच तिला लावली होती. इंजिनाची ताकद वाढवून घेतल्यापासून ती सुटताना पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, नुसता धूर निघायचा. सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत सगळं त्या पहिल्या सुटण्यावर असतं. चाक न घसरता एकदा तरी सुटू दे, मग शर्यतीला नाव देऊ, असं दादा म्हणायचा. त्यासाठी आम्ही दर रविवारी सकाळी अक्कलकोट रस्त्याला ओळखीच्या एकाच्या प्लॉटिंगवर जायचो. तिथे डांबरी रस्ते झाले होते, फाटक बसलं होतं, घर मात्र एकही नव्हतं.

दादा नातेपुत्याच्या शेतात ट्रॅक्टरवर शिकलेला. ट्रॅक्टर मागच्या चाकांनी ओढतो, म्हणून यानं डिकीत वाळूची पोती टाकली. आमच्या गाडीची ओढणारी चाकं पुढे. मागे वजन पडल्यावर नाक वर झालं आणि धूर दुप्पट निघाला. मी हसलो, तर म्हणाला, पोती कमी पडली. आणखी एक टाकलं. तो माझा मोठा भाऊ होता, त्यामुळे ती पोती उतरायला कितीतरी रविवार गेले.

मग डिकी रिकामी केली, स्टेपनीही काढली, पुढच्या चाकांतली हवा थोडी कमी केली. क्लच मी सोडायचो. दादा डावीकडे बसून इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायचा आणि "आता" म्हणायचा. धूर कमी होत चालला होता. अशात थंडीतल्या एका सकाळी तो अंघोळीला गेला आणि बाहेर आला नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

मला काही झालं नाही. म्हणजे लोकांना होतं तसं. मी नातेवाइकांना फोन केले, मंडप सांगितला, कुणाचा चहा राहिलाय ते बघितलं. कुणी गळ्यात पडून रडलं, की मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो आणि मनात म्हणायचो, हवा अजून थोडी कमी करून बघायला पाहिजे होती.

वहिनींनी गाडी विकायची ठरवली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती लावायलाही जागा नव्हती. गिऱ्हाईक सोमवारी नेणार होतं. रविवारी मी एकटाच ती घेऊन गेलो. एकदा नीट सुटू दे, मग जाऊ दे, एवढंच मनात होतं. सुटली नाही. डावं चाक गरगरलं, स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी आमच्या मेकॅनिकला फोन लावला.

"एकटाच हायस की," तो म्हणाला. "सगळं वजन उजवीकडं. डावीकडं कोण तरी बसव."

मी फोन ठेवला.

घरी येऊन उरलेलं एक वाळूचं पोतं गाडीकडे ओढत होतो. वहिनींनी विचारलं, हे कशाला. मी सांगितलं. त्यांनी पोत्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि पायात चपला घातल्या.

प्लॉटिंगवर पोचल्यावर मी त्यांना पट्टा लावायला सांगितला. त्यांनी सीट पुढे सरकवून घेतली. दादाच्या लांब पायांसाठी ती पार मागे होती. आता रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. काटा बघितला, क्लच सोडला. गाडी सुटली. धूर नाही, किंचाळणं नाही, पाठीला हात लावून कुणी ढकलावं तशी सरळ. दुसरा गिअर, तिसरा. रस्ता संपत आला तिथे थांबवली.

दादाला हवं होतं ते हेच. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

वहिनींना दम लागला होता. त्या समोर बघत होत्या आणि हसत होत्या, लहान मुलीसारख्या. कितीतरी दिवसांनी हसत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेचना.

"लई भारी वाटतं की ओ भावजी," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला एकदा बी न्हाय आणलं."

मी गाडी वळवली आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन लावली.