मोठ्या पाकिटातला कागद

पंच्याऐंशी वर्षांपुढील मतदारांची मते त्यांच्या घरी जाऊन घ्यायची, त्या पथकात माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. नियम साधा होता. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते चिकटवायचे आणि मोठ्या पाकिटात ठेवायचे. मतदाराचा अंगठा किंवा सही असलेले घोषणापत्रही त्याच मोठ्या पाकिटात, पण लहान पाकिटाच्या बाहेर. मोजणीत आधी घोषणापत्र पाहतात. ते मिळाले नाही, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. मत बाद होते. प्रशिक्षणात हे तीनदा सांगितले गेले आणि मी ते तीनदा लिहून घेतले.

टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका गावात आम्ही गेलो, तेव्हा यादीतल्या आजी ओसरीवर पांढरे लुगडे नेसून केव्हाच्या बसल्या होत्या. मागे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आमच्यातल्या चित्रीकरण करणाऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात फोटोवाला नव्हता, अन् आता मताला आला."

दारात उभ्या त्यांच्या सूनबाई हसल्या. आजी मात्र लगेच माझ्याकडे वळल्या.

"बाई, हे मोजतेत ना बराबर? मागं एका खेपेला गेल्ते मी, तर म्हणे म्हातारे, तुझं मत झालं. बोटाला शाई न्हाई, अन् मत झालं म्हणं. तशीच माघारी आले."

"या वेळी तसे होणार नाही, आजी," मी म्हणाले.

त्यांनी घोषणापत्रावर अंगठा दिला, मी साक्षीची सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. घडी त्यांनीच घातली, लहान पाकीटही त्यांनीच चिकटवले. मी ते मोठ्या पाकिटात ठेवले, बंद केले, पेटीत टाकले. तेवढ्यात सूनबाईंनी चहा आणला होता आणि बरोबरचे तलाठी घाई करीत होते, "बाई, जल्दी करा, अजून चार घरं राह्यली."

पुढच्या घरी घोषणापत्र पाकिटात सरकवताना माझा हात थबकला. मागच्या घरी ही हालचाल केल्याचे मला आठवेना. अंगठा आठवत होता, सही आठवत होती, खाटेवर वाळत ठेवलेला कागद आठवत होता. त्यानंतर थेट चहाचा कप. कदाचित आजींनीच तो मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटात घातला असेल. कदाचित मी तो नीट ठेवला असेल आणि त्याची आठवण तेवढी राहिली नसेल. माझ्या कागदांत तो नव्हता, एवढे खरे.

जे घडले ते सगळे चित्रीकरणात होते. मी तलाठ्यांना एवढेच म्हणायचे होते, की मला ते एकदा पाहू द्या. परतीच्या गाडीत मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिले. चित्रीकरणात काय दिसेल, याची मला भीती होती. विचारले तर चारचौघांत माझी चूक निघेल, याचीही. आणि ही दुसरी भीती मोठी होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

मोजणीच्या आधीच आजी गेल्या. निकालानंतर काही दिवसांनी आठवडी बाजारात सूनबाई भेटल्या.

"बाई, एक इचारायचं होतं. माणूस गेल्यावर त्याचं मत काढून तर न्हाई टाकत?"

"नाही," मी म्हणाले. "एकदा दिलेले मत मृत्यूमुळे रद्द होत नाही." हे खरे होते, आणि ते मला ठामपणे सांगता आले.

"मंग बरं. घरात कुणाला पटतच न्हाई. आमचे हे म्हणतेत, गेलं असंल कुठंतरी कचऱ्यात." त्यांनी पदर सावरला. "आता सांगते, बाईनं सोता समदे कागद पाकिटात घातलेत. घातले ना?"

मी "हो" म्हणाले.