टकल्या गिऱ्हाइकाची गोष्ट

त्या दुकानात लोक केस कापायला कमी आणि गप्पा ऐकायला जास्त येत. न्हावी मोठा बोलघेवडा. कात्री थांबेल, पण जीभ थांबायची नाही. पुढे स्नायू ढिले पडण्याच्या आजारात आधी त्याचे पाय गेले, मग हात. कात्री लेकीने घेतली आणि हा चाकाच्या खुर्चीत आरशाशेजारी बसून बोलण्याचं काम बघू लागला. तिथवर त्याची काही तक्रार नव्हती.

मग आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला. त्याची वाक्यं तुटू लागली. टकल्या गिऱ्हाइकाची त्याची ठेवणीतली गोष्ट अर्ध्यावर यायची, याला धाप लागायची आणि शेवट लेक सांगून टाकायची. लोक हसत. तोही हसे, पण मनाला फार लागे. हातपाय गेले ते त्याने सोसलं. गोष्ट जावी हे सोसेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. भाता चांगला आहे, ओढणारा दमलाय." झोपताना तोंडावर मास्क लावायचा, यंत्र हवा आत ढकलेल.

"म्हणजे मुसकीच की," तो कुरकुरला.

"तीस वर्षांत मला जमलं नाही," बायको म्हणाली, "यंत्राला जमतंय तर घ्या बांधून."

त्याने घेतली. झोपेत हवा पुरू लागली आणि आठवड्याभरात त्याची रोजची सकाळची डोकेदुखी पळाली, दिवसाच्या डुलक्या थांबल्या. दिवसासाठी खुर्चीलाच यंत्राची एक नळी बसवली. ओठांत धरायची आणि हवेचा घोट घ्यायचा.

शनिवारी दुकान भरलेलं असताना त्याने गोष्ट काढली. "टकल्या म्हणाला, 'डोक्यावर एकुलता एक केस, त्याला अर्धा तास लावलास?' न्हावी म्हणाला..." आणि तो नळीकडे वळला.

लेकीने सवयीने पुढचं उचललं, "'कापायला क्षणभरच लागला. बाकी वेळ शोधण्यात गेला!'"

दुकान हसलं. त्याने सावकाश दोन घोट घेतले.

"संपली नाही गं अजून. दोन वर्षं झाली, तू मला पुढे जाऊच देत नाहीस."

लेकीची कात्री थांबली.

"टकल्याने डोळे पुसले. म्हणाला, 'अरे, मग कापण्याआधी...'" पुन्हा नळी, पुन्हा घोट. कोणी हललं नाही. "'...मला दाखवायचास तरी. किती वर्षांत भेट नव्हती त्याची.'"

अर्धी दाढी झालेला माणूस फेसासकट हसत सुटला. लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

"बाबा, हा शेवट कधी सांगितला नाहीत?"

"या खुर्चीत बसल्यावर सुचला. पण सांगायला दम कुठे होता?"

तिने कात्री ठेवली, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."