सात घरांची हळद

आईची वाचा गेली त्याला आता दोन वर्षं झाली. अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतला एक 'बरं' तेवढा मागे राहिला. भूक लागली तरी बरं, चहा गार झाला तरी बरं, मी वैतागून ओरडले तरी बरंच.

आई आमच्या सारसोळ्याची धवलारीण होती. आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते धवलारीण म्हणते. ती मांडवात येऊन बसल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आई सकाळी मासळी विकायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मांडवात असायची. पार खाडीपलीकडच्या मोऱ्यापर्यंतची बोलावणी यायची तिला. गाणी सगळी तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही, कारण लिहिता येत नव्हतं.

दादाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला, की हळदीला गाणार कोण. वहिनी म्हणाली, "डीजे हाय ना." मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. महापेला एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते, आणि त्याचा तोरा माझ्या अंगात जरा जास्तच आहे. म्हटलं, गावातल्या घराघरांत लग्नाचे व्हिडिओ पडलेत. सगळे गोळा करते, आईच्या घरातच एक सर्व्हर उभा करते, आणि भाचीच्या हळदीला तिची आजीच गाईल.

ऑफिसात मोडीत निघालेला एक संगणक मिळाला. वाशीहून दोन नव्या हार्ड डिस्क आणल्या आणि त्यांची जोडी लावली. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाणार, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून डबा खिडकीपासून लांब, आईच्या साड्यांच्या कपाटाशेजारी ठेवला. वीज गेली तर अडचण नको म्हणून यूपीएस लावला. राउटरपासून वायर ओढून भिंतीवर क्लिपा ठोकत होते, तेव्हा आई खाटेवरून उठली आणि डाव्या हाताने तिने ती वायर ताणून धरली. कुणी सांगितलं नव्हतं. किती दिवसांनी आम्ही दोघी मिळून एक काम करत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

सात घरांतून सात पेनड्राइव्ह आले. मावशीने तिचा देताना बजावलं, "कॉपी झाली का रिकामा करून दे गो बाय. टेम्पोत गानी भराची हायत." बाकीच्यांचंही तसंच काहीतरी होतं. मी सगळे एकाच फोल्डरमध्ये कॉपी केले, सगळे पुसून स्वच्छ केले आणि घरोघरी जाऊन परत दिले. दोन घरी चहा झाला, एका घरी माझं कौतुकही झालं.

आता माझी अक्कल ऐका. आमच्या गावातली सगळी लग्नं एकच माणूस शूट करतो. त्याची पद्धत ठरलेली. हळदीच्या फाइलींना तो 'हळद एक', 'हळद दोन', 'हळद तीन' अशी नावं देतो, घर कुठलंही असो. पहिल्या पेनड्राइव्हच्या वेळी मध्येच वायर निघाली आणि कॉपी पुन्हा सुरू करावी लागली. मशीन प्रत्येक फाइलीला विचारायला लागलं, या नावाची आधीच आहे, काय करू? मी कंटाळून सांगून टाकलं, विचारू नकोस, जुनी काढ आणि नवी घाल. आणि पुढच्या घरांनाही ते तसंच राहिलं. दुसऱ्या घराची हळद पहिल्या घराच्या हळदीवर बसली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, अशी शेवटपर्यंत. माझ्या डिस्कच्या जोडीने ती चूकही इमानाने दोन्हीकडे उतरवून घेतली. ऑफिसात नव्या लोकांना मी पहिल्याच दिवशी शिकवते, की दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे कळलं पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी. टीव्ही सर्व्हरला जोडला होता आणि आईला चांगली साडी नेसवून समोर बसवलं होतं. फोल्डर उघडलं तर आत एकाच लग्नाची हळद. मी ते तीनदा बंद करून उघडलं.

मग धावपळ. शूटिंगवाला म्हणाला, "ताई, मी सहा महिन्यांनी सगलं उडवतो, जागा कुठं हाय?" मावशीच्या पेनड्राइव्हवर टेम्पोची गाणी भरून झाली होती. इतरांचेही कामाला लागले होते. लोकांच्या फोनमध्ये अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे निघाले, त्यांत आईपेक्षा शूट करणाऱ्यांच्याच गप्पा जास्त. पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअर मी चार दिवस चालवली. चित्रं आली, मोडकी, आवाजाशिवाय. आईचे ओठ हलताना दिसत होते.

तिला सांगावं तर लागणारच होतं. समोर बसून सांगितलं, की आये, सहा घरं माझ्या हातून गेली, एक राहिलं. ती म्हणाली, "बरं." त्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. तिला शिव्या देता आल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. मी पायरीवर जाऊन रडले.

उरलेली हळद सगळ्यात शेवटी कॉपी केलेल्या लग्नाची, मावसबहिणीची. आवाज थोडा थकलेला पण स्वच्छ. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात आईला धाप लागते. ती थांबते, मान वळवते आणि म्हणते, "बाय, धर गो पुढं." कॅमेरा वळतो. मांडवाच्या खांबाला टेकून मी उभी आहे, हातात फोन. मी म्हणते, "मला नाय येत, आये. तूच म्हन." बायका हसतात. आई पाणी पिते आणि एकटीच पुढे गाते.

मला हे आठवतच नव्हतं. इतक्या सहज म्हटलं होतं मी. बाकीच्या सहा घरांत तिने किती वेळा मान वळवली असेल, हे आता कुणालाच कळणार नाही.

तेवढा तुकडा कापावा म्हणून मी लॅपटॉप घेऊन बसले. आई शेजारी होती. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मी लॅपटॉप मिटेपर्यंत सोडलं नाही.

म्हणून हळदीच्या दिवशी स्पीकरवर सगळंच वाजलं. पहिली दोन गाणी झाली, बायकांनी डोळे पुसले, भाचीच्या गालाला हळद लागली. तिसऱ्या गाण्यात धाप लागली आणि भरल्या मांडवात आईचा आवाज आला, "बाय, धर गो पुढं." मग माझा आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई भाचीच्या शेजारी खुर्चीवर बसली होती, तिनेही पाहिलं. स्पीकरवर ती पाणी पीत होती, म्हणजे गाणं पुढे धरायला थोडा वेळ होता. मी तोंड उघडलं. मला खरंच येत नव्हतं.