पट्टीवर तेल भरपूर

खमरियाच्या कारखान्यात उभं राहून राहून बाबांचा डावा गुडघा कामातून गेला, आणि निवृत्तीनंतर त्यांचं क्लच दाबणं संपलं. म्हणून मी एका खाणीच्या ठेकेदाराकडून जुना परदेशी पिकअप आणला. त्यात क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. अशी दुसरी गाडी जबलपुरात नव्हती. मला विचाराल तर नर्मदेच्या उगमापासून भडोचपर्यंत नव्हती. बाबा रोज ती घेऊन नदीवर ग्वारीघाटाला जायचे, आणि घरात तोंड न उघडणारा माणूस तिथून चार गप्पा घेऊन यायचा.

मग गिअर घसरायला लागले. गाडी तापली की इंजिन असं बोंबलायचं की शेजारची म्हैस आटावी, पण चाक हलायचं नाही. रिव्हर्स तर टाकल्यावर विचारात पडायचा. एकदा मी रिव्हर्स टाकला, उतरलो, चहा पिऊन आलो, तेव्हा कुठे गाडी निघत होती. थोडं वाढवून सांगतोय. चहा अर्धाच झाला होता.

आमचा मिस्त्री ट्रकांचा माणूस. खाली वाकून म्हणाला, "भैया, क्लच ही नहीं है, तो घिसा क्या?" गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी तो दर वेळी काढायचा. लाल असायला हवं ते तेल काळपट झालेलं, वास जळक्या करंजीचा, पण पट्टीवर भरपूर. मग त्यानं कार्ब्युरेटर धुतला, तारा बदलल्या, पुन्हा कार्ब्युरेटर धुतला. दिवा धरून मी गाडीखाली इतका पडून राहिलो की माझी पाठ अंथरुणाला ओळख देईना.

शेवटी मिस्त्री म्हणाला, हे धूड काढून फेकू, क्लचवाला साधा गिअरबॉक्स बसवू. गाडी वाचणार होती, पण बाबा खुर्चीत बसणार होते.

"एक डाव चढावर पाहून घे," बाबा म्हणाले. "मंग काय करायचं ते करा."

कुंडमच्या रस्त्याला निघालो. बाबा चालवायला, मध्ये मी, पलीकडे मिस्त्री. जंगलातल्या चढावर इंजिन बोंबललं आणि गाडी थांबली. मिस्त्री पट्टी बघायला उतरला. बाबांचा हात सवयीनं किल्लीवर गेला. आमच्या घरात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकून गावाला जाणं.

"बंद नका करू," मी म्हटलं. "बॅटरी मेली आहे. सकाळी शेजाऱ्याची लावून चालू केली न."

"मंग धक्का मार."

"बाबा, हिला धक्का चालतच नाही. क्लच नाही न."

"अशी कशी गाडी आणली बे तू?"

"तुमच्यासाठीच आणली."

त्यांनी हात काढला, गाडी न्यूट्रलला घेऊन पाय ब्रेकवर दाबून धरला. चालू इंजिनावर मिस्त्रीनं पट्टी ओढली. कोरडी. पुसून परत घातली, परत कोरडी.

"कल तो फुल था," तो म्हणाला.

काल इंजिन बंद होतं. परवाही बंद होतं. बंद केलं की आत फिरणारं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. या गिअरबॉक्सचं तेल चालू इंजिनावरच मोजायचं असतं. एका नळीच्या जोडातून ते महिनोन्महिने ठिबकत होतं, आणि आम्ही इमानानं इंजिन बंद करून मोजून राहिलो होतो.

"सब गाड़ी में बंद करके ही नापते हैं, साहब," मिस्त्री पुटपुटला. बाबा काचेतून समोर बघत बसले.

मी लाकडं नेणाऱ्या एका ट्रकावर लटकून शहरात गेलो आणि तेल व बॅटरी घेऊन दुसऱ्यावर लटकून परतलो. तेल घातलं, जोड आवळला. गाडीनं चढ घेतला. मी मागे हौद्यात आडवा पडलो होतो. उठून बघायचीही ताकद नव्हती. घराच्या दारात रिव्हर्स टाकला, तर काहीच नाही.

"पीछे वाला जल गया, साहब. आगे के चलेंगे. साधा वाला डाल दें?"

"नको," बाबा म्हणाले. "मले पुढंच जायचं आहे."

ते पुन्हा ग्वारीघाटाला जायला लागले. जिथून मागे यावं लागेल तिथे शिरायचं नाही, असं ठरलं होतं, आणि दर आठवड्याला ते शिरत. मग निरोप यायचा. मी जाऊन, दोन फुलवाल्यांना हाताशी धरून ते हत्तीएवढं धूड मागे ढकलायचो, आणि बाबा आत बसून, आरशात बघत म्हणायचे, "अजून थोडं. अजून."