तेवीस दिवसांची ओल

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकतो. नाहीतर माझी बायको दारिंका सांगेलच, आणि ती सांगायला लागली की संध्याकाळ होते. मी स्तोयान, ग्राबोवो गावच्या शिकारी मंडळाचा अकरा वर्षांपासूनचा अध्यक्ष. ओरडणं मला जमतं, पण आभार मानायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून आल्बिनकाकांबद्दल हे सांगायला बसलोय. तोंडदेखलं नाही, मनापासून.

आल्बिन त्सेर्गोल, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं रेल्वेत होते. हातोडी घेऊन रूळ ठोकत ठोकत चालायचं, कुठे बोल्ट ढिला झालाय का ते कानाने ओळखायचं, हे त्यांचं काम. बोलणं बेताचं. दहा वाक्यांचं काम एका वाक्यात उरकायचे आणि तेही निम्मं गिळायचे. मागच्या वर्षी हिवाळ्यात त्यांची बायको रोझा गेली. वसंतात डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, आता बंदूक नाही. काकांनी बंदूक पुसून, तेल लावून पोलीस चौकीत जमा केली आणि चालत घरी आले. नातवंडं लांब राजधानीत, लुब्ल्यानात. घरात उरले ते आणि एक म्हातारी मांजर.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाऊसच पडला नाही. आमची जमीन म्हणजे चुनखडीची चाळण. आभाळातून पडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून खाली जातं आणि थेट इटलीच्या हद्दीत वर येतं. आमची हरणं जीभ बाहेर काढून गावात यायला लागली. पाच हरणं हमरस्त्यावर गाड्यांखाली गेली. आणि एके सकाळी आल्बिनकाका रोझाच्या थडग्यावर फुलं बदलायला गेले, तर तिथे एक हरिणी फुलदाणीत तोंड घालून पाणी पीत उभी. काका चार पावलांवर आले तरी हलली नाही.

"घाबरलीसुद्धा नाही रे," असं ते मला म्हणाले. "तहान भीतीच्या वर गेली होती."

आता शिकारी लोकांना हरणांचा एवढा कळवळा कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्याला उभा फाडीन. हरीण मारायचं ते नियमाने, मोजून, हंगामात. तहानेने मरू द्यायचं म्हणजे आम्ही कसले राखणदार!

म्हणून पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी उपाय केला. रानातल्या वरच्या खळग्यात भला मोठा काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेला दगड लावले, वर पाणी सोडलं. झाला पाणवठा! फोटोबिटो काढले. चौथ्या दिवशी रानडुकरं आली, त्यात लोळली आणि कागदाची चाळणी करून गेली. मंडळातले लोक महिनाभर मला "काय अध्यक्ष, चिंध्या विकायला काढल्या का?" म्हणून विचारत होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मे महिन्यात आमची सभा झाली. खानावळीत योटा, म्हणजे आमचं आंबट कोबीचं सूप, खाऊन झाल्यावर एकाने विषय काढला. नाव सांगत नाही, त्याची बायको माझी मावसबहीण आहे. "ज्याला बंदूक नाही, त्याचं नाव यादीत कशाला? नवी माणसं ताटकळत बसलीत." कुणाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळलं. काका कोपऱ्यात पावाने वाटी पुसत होते. त्यांनी पाव खाल्ला, तोंड पुसलं आणि उठून उभे राहिले.

"पाणवठा मी करतो. चिकणमातीचा, जुन्या पद्धतीने. संत रोकच्या दिवशी त्यात पाणी नसलं, तर माझं नाव काढून टाका. मी स्वतः खोडीन."

संत रोकचा दिवस म्हणजे सोळा ऑगस्ट. ऐन कोरड. "काका, कशाला पैजा लावताय या वयात?" मी म्हणालो. पण ते खाली बसले होते आणि पुन्हा पाव मागत होते. रोझा गेलेली, बंदूक गेलेली. आता राहिलं होतं ते यादीतलं नाव, रविवारचं खानावळीतलं बाकडं आणि 'आमच्यातला' म्हणणारी चौदा माणसं. तेही त्यांनी पणाला लावलं. मला त्यांचा रागच आला.

जूनच्या मध्याला काम सुरू झालं. पाच ट्रॉल्या तांबडी चिकणमाती आणली. ती खळग्यात पसरून, पाणी मारून, पायांनी तुडवायची. पूर्वी गावचे बैल फिरवायचे. आता बैल कुठून आणणार?

"बैल आहेत की," काका म्हणाले. "चौदा आहेत. बूट काढा."

दोन दिवस आम्ही अनवाणी, पँटी गुडघ्यापर्यंत वर करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून गोल गोल फिरत चिखल तुडवला. एक थर झाला की दुसरा. काका मध्ये उभे राहून काठीने टोचून बघायचे. "इथे भुसभुशीत आहे. नेवेंका, नाच इथे जरा." नेवेंका आमच्यातली सगळ्यात नवी शिकारीण, गावातली दातांची डॉक्टर. ती नाचली आणि बुडावर आपटली. आम्ही पोट धरून हसलो. एका बाजूला काकांनी मुद्दाम लांब उतार ठेवला आणि त्यात दगड बसवले. पाडस पाण्यात पडलंच तर त्याला वर चढता यायला हवं. हे मला सुचलं नसतं, खरंच सांगतो.

मग वर ओले नेचे अंथरले आणि काकांनी सगळ्यांना बजावलं, "पहिला मोठा पाऊस येऊन हे भरेपर्यंत माती सुकता कामा नये. एकदा भेग पडली की संपलं. वरून लिंपून काही होत नाही. रोज पाणी पाहिजे, एक दिवसाआड तरी पाहिजेच."

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "अग्निशमनवाल्यांची टाकी ट्रॅक्टरला लावून आणतो. एक दिवसाआड, बिनचूक."

आणि मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी अग्निशमन दलाच्या श्रेच्कोशी भांडलो. कशावरून, तर त्याने त्याची गाडी माझ्या फाटकासमोर लावली होती. तो मला गाढव म्हणाला, मी त्याच्या आजोबांपर्यंत पोचलो. त्यानंतर त्याच्या दारात टाकी मागायला जाणं म्हणजे... छे! मेलो तरी गेलो नसतो. मनाची समजूत घातली, नेचे आहेत वर, काही होत नाही. दोन दिवसांत भांडण मिटेल. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. ऊन असं की छपराचं डांबर पाघळत होतं. मी त्या खळग्याकडे फिरकलोसुद्धा नाही. रानात दुसरीकडे जायचं तरी लांबच्या वाटेने जायचो. कुणाला काही बोललो नाही. दारिंकालाही नाही. रात्री डोळा लागायचा नाही. एका म्हाताऱ्याचं नाव माझ्या हेक्यापायी खोडलं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी श्रेच्कोच्या दारात गेलो नाही. असा मी.

तेविसाव्या दिवशी दुपारी वीज कडाडली आणि तासभर बादल्या ओतल्यासारखा पाऊस झाला. दोन दिवसांनी धीर करून वर गेलो. वाटलं होतं, चिरा पडलेली लाल माती आणि रिकामा खड्डा बघायला मिळेल. बघतो तर कमरेइतकं पाणी! थेंबभर कुठे पाझरत नव्हतं. उतारावरच्या चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे, त्यात एक इवलासा पाडसाचा. काय झालं ते कळेना.

घरी येऊन दारिंकाला म्हणालो, "पाणी टिकलंय."

"टिकेल नाही तर काय," ती बटाटे सोलत म्हणाली. "आल्बिनकाका रोज पहाटे ढकलगाडीवर दोन कॅन घेऊन खिडकीखालून जायचे. चढावर दहा वेळा थांबायचे बिचारे. मग परत यायचे, पुन्हा दोन भरून न्यायचे. मी म्हटलं, तूच सांगितलं असशील. टाकीची काय गडबड झाली होती का?"

मी हातातला पेला धुऊन ठेवला. तो आधीच धुतलेला होता.

सरळ त्यांच्या घरी जायला हवं होतं. नाही गेलो. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. हे एक वेगळंच दुखणं आहे.

संत रोकच्या दिवशी सगळं मंडळ वर जमलं. पाणी हातभर उतरलं होतं, पण होतं. निळं, स्वच्छ, वर चतुर उडत होते. तिथेच शेगडी मांडून मांसाचा गुलाश शिजवला, तेरानच्या, आमच्या लाल वाइनच्या, बाटल्या फोडल्या. आणि तो माझा मावसमेहुणा पेला उंचावून म्हणतो, "आल्बिनकाकांचं नाव राहिलं! आणि अध्यक्षांना धन्यवाद, त्यांनी टाकी आणून आणून माती ओली ठेवली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रेच्को त्या आठवड्यात समुद्रावर गेला होता, माझं नशीब.

आणि मी पेला वर केला. हो, केला! "अहो, त्यात काय," असंसुद्धा म्हणालो. आयत्या बिळावर नागोबा. काका माझ्या समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गुलाशला मीठ कमी आहे." बस्स. त्या वाक्याने मी जो मेलो तो नोव्हेंबरपर्यंत मेलेलाच होतो.

नोव्हेंबरात शिकाऱ्यांच्या संताचा, संत हुबर्टचा सण. नेवेंकाने त्या शरदात पहिलं हरीण टिपलं होतं, म्हणून खानावळीत आमचं नेहमीचं लुटुपुटीचं न्यायालय भरलं. नव्या शिकाऱ्याला आरोपी म्हणून उभं करायचं, खोटेनाटे आरोप ठेवायचे आणि शेवटी ओणवं करून ओल्या छडीचे तीन फटके मारायचे. पहिला हरणाच्या मानासाठी, दुसरा नियमासाठी, तिसरा मंडळासाठी. न्यायाधीश सगळ्यात वडील, म्हणजे आल्बिनकाका. नेवेंकावर आरोप ठेवला की ती हरणांचे दात तपासून मगच गोळी घालते. तिने तीन फटके खाल्ले आणि सगळ्यांना दारू पाजली.

काका छडी खाली ठेवणार तेवढ्यात मी उठलो. "थांबा. अजून एक आरोपी आहे."

आणि सांगून टाकलं. श्रेच्को, फाटक, टाकी, तेवीस दिवस, ढकलगाडी, वर केलेला पेला. काही ठेवलं नाही. दाराशी बसलेला श्रेच्को तेवढा म्हणाला, "तरीच! टाकी तर माझ्या अंगणातून हललीच नव्हती." कुणी हसलं नाही. तीस वर्षं शिकार करणारा मी, अध्यक्ष मी, जाऊन टेबलावर ओणवा झालो.

काका मागे आले. "पहिला खोट्या मोठेपणासाठी," म्हणाले आणि मारला. हलका नव्हता. "दुसरा श्रेच्कोच्या आजोबांसाठी." तोही नव्हता हलका. आता लोक थोडे हसले.

तिसऱ्याची वाट बघत मी दात आवळले. फटका येईना. टेबलावर छडी ठेवल्याचा आवाज आला.

"काका, मारा ना," मी म्हणालो. "तेव्हाच येऊन शिव्या का नाही घातल्या हो मला? खाल्ल्या असत्या मी."

काका वाकले. माझ्या कानाशी, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असावं.

"रोझा गेल्यापासून सकाळी उठून पाय जमिनीला लावायला काही कारणच नव्हतं रे. पडून राहायचो, छताकडे बघत. दुसऱ्या दिवशी वर गेलो ते तुझी टाकी आली का, एवढंच बघायला. आली नव्हती. तिसऱ्या दिवशी देवाची प्रार्थना केली, आजही न येवो म्हणून. मग रोजच करायला लागलो. तू आला असतास ना टाकी घेऊन, तर मी त्या अंथरुणातच संपलो असतो. तिसरा फटका नाही. उलट मीच तुझं देणं लागतो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ आता, गुलाश गार होतोय."

मी उठलो नाही. माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून बराच वेळ तसाच ओणवा राहिलो.