ज्याचा त्याचा कल

साहेबांच्या गोल्फच्या काठीचं डोकं वाकडं बसलं आहे असं समजून मी ते लोहाराकडून काटकोनात ठोकून आणलं. साहेबांनी काठी दिली होती ती फक्त मुठीचं चामडं बदलायला. पण मी पडलो मोजणी खात्यातला नकाशे काढणारा. एवढा तिरका कोन डोळ्यांदेखत सोडून द्यायचा, हे माझ्या इमानात बसेना. साहेबांनी काठी जमिनीला टेकवली, तर ती झेंड्याच्या काठीसारखी ताठ उभी राहिली. एरवी ते माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलत. त्या दिवशी जे बोलले ते इंग्रजीत, आणि भराभर. सगळं कळलं नाही, हे बरंच झालं. शेवटचं वाक्य तेवढं मराठीत होतं, "मामूकडे जा."

मामू म्हणजे जुन्या नाशकातले गाडीची चाकं करणारे सुतार. सायखेड्याकडचे शेतकरी चाकासाठी त्यांच्याच दारात बैल सोडत. पण आठवड्याचे दोन दिवस मामू गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर आंब्याखाली बसून साहेब लोकांच्या काठ्या दुरुस्त करत. त्या कामावर त्यांचा फार जीव. "चाक चिखलात जातं, भाऊसाहेब. काठीचं काम आभाळात दिसतं," असं म्हणत.

त्यांनी माझी काटकोनी कामगिरी एक डोळा मिटून पाहिली. "हे कोणी केलं?"

"लोहारानं."

"लोहार सांगितल्याशिवाय ठोकत नाय."

"मी सांगितलं."

"मग तुम्ही चेंडूच्या डोक्यावर उभे राहून मारणार काय? काटकोन भिंतीला, भाऊसाहेब. माणसाला कल असतो."

कल हा मामूंचा शब्द. त्यांच्याकडे फूटपट्टी होती, पण ती मी पाहिली ती पाठ खाजवतानाच. माणूस समोर उभा करायचा, हात सैल सोडायला लावायचे, काठी त्याच्या हातात देऊन जमिनीला टेकवायची आणि काठीचा जो उतार होईल तो त्या माणसाचा कल. उंच माणसाचा उभा, बुटक्याचा आडवा. मग त्याच कलानं एक चाक भिंतीला तिरकं टेकवायचं आणि सांगायचं, "काठी या धावेवरनं, या कडेच्या लोखंडी पट्टीवरनं वर गेली पाहिजे, याच धावेवरनं खाली आली पाहिजे. छाती तुमची तुंबा, चाकाचा मधला गड्डा. हात म्हणजे आरा, गड्ड्यातनं कडेला जाणारा दांडा. वर जाताना आरा मनगटात मोडू द्या, खाली येताना आपोआप जुळंल."

काठीचं डोकं त्यांनी पुन्हा तापवून वळवलं. पण साहेबांनी मला शिक्षा सुनावली होती, की कोन वाकडा का असतो ते कळेपर्यंत हा खेळ शिकायचा. म्हणून कचेरीच्या आधी पंचवटीतून आमची गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडून मी मामूंच्या अंगणात हजर होऊ लागलो. लहानपणी मी लाकडं फोडली होती. त्यामुळे माझी काठी कुऱ्हाडीसारखी सरळ वर जाई आणि सरळ जमिनीत रुतत असे. मामूंनी हटकलं की मी दुसऱ्या टोकाला जाऊन विळ्यानं गवत कापल्यासारखी आडवी फिरवी. एकदा तशीच फिरवली आणि त्यांचा पाण्याचा माठ गेला.

"लय शिकलेला हात हाय तुमचा," मामू खापऱ्या गोळा करत म्हणाले. "आधी त्याला विसरायला लावू." त्यांनी माझ्या डोक्यावरची काळी टोपी काढली आणि माझ्या उजव्या काखेत दाबली. "ही पडली म्हणजे कोपर अंग सोडून गेलं."

मी कोनमापकानं माझा कल मोजला, कागदावर चाकाची आकृती काढली, मनगटाचा कोन, कोपराचा कोन, सगळं रंगीत शाईनं. मामूंनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "चांगलं हाय. आता घरी ठेवा."

अशात साहेबांनी विलायतेहून पोलादी दांड्याच्या काठ्या मागवल्या. मैदानाचा कारभार त्यांच्याकडेच होता. त्यांनी मामूंना सांगितलं, "लाकूड वळते. चेंडू वाकडा जाते. आता लाकडाचे काम बंद."

मामू उठून उभे राहिले. "लाकूड नाय वळत, साहेब. हात वळतो. माझ्या काठीनं मैदानातल्या नाल्यापलीकडे सरळ चेंडू गेला तर?"

"कोण मारणार?"

"भाऊसाहेब मारतील."

साहेब इतका वेळ हसले, की मला वाटलं त्यांना माझं कौतुक वाटतंय. तीन चेंडू ठरले, रविवार ठरला, आणि एक जरी सरळ पलीकडे गेला तर मामूंचं काम चालू राहील, हेही ठरलं. पुढचे आठ दिवस मामूंनी मला चाकाशेजारून हलू दिलं नाही. तळहाताला फोड आले, त्यांनी चिंधी बांधली. "फोड फुटला की सांगा, चिंधी बदलू," म्हणाले. थांबू या असं त्यांच्याही तोंडून निघालं नाही आणि माझ्याही.

रविवारी पहिल्या चेंडूला मी वर पाहिलं आणि ढेकूळ उडवलं. दुसऱ्याला खिशातला आकृतीचा कागद आठवला. चेंडू बाभळीत गेला. साहेब घड्याळ काढून बघू लागले. मामू शांतपणे आले, माझ्या खिशातला कागद काढून स्वतःच्या खिशात घातला, माझी टोपी काढली आणि काखेत दाबली. वरिष्ठासमोर बोडक्यानं उभं राहणारा मी त्या खात्यातला पहिलाच नोकर असेन. "साहेबाकडे बघू नका," मामू म्हणाले. "चाक बघा."

चाक गावात होतं. पण मला ते दिसलं. काठी वर गेली, मनगटात मोडली, जुळली. टोपी काखेतच होती, आणि चेंडू नाल्यापलीकडे सरळ जाऊन दोन उड्या मारून थांबला. साहेबांनी शब्द पाळला. आंब्याखालचं काम चालू राहिलं.

तीन वर्षं राहिलं. मग एकेकाच्या हातात पोलाद आलं आणि आंब्याखाली कोणी लाकूड आणीना. मामूंनी तक्रार केली नाही. हत्यारं गोणीत भरली आणि मालेगावला लेकीकडे निघाले. "तिकडे गाड्या हायेत अजून," एवढंच म्हणाले. आजही नवा माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंतचा उतार मोजते. ती खोड मामूंची.

त्या दिवशी त्यांना मोटारीत बसवायला मी गेलो होतो. गोणी टपावर चढवली आणि इतकी वर्षं मनात जपलेला प्रश्न, उत्तर ठाऊक असल्याच्या थाटात, विचारला, "मामू, मैदानावर एवढे खेळणारे होते. तुम्ही मलाच का निवडलं?"

मामूंनी खिडकीतून माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिलं.

"चांगल्या खेळणाऱ्यानं मारला असता, तर साहेब म्हणाले असते, माणूस चांगला. तुमच्या हातनं सरळ गेल्यावर काठीशिवाय दुसरं कोणाचं नाव घेणार होते?"