अस्वलाचं हरवलेलं नाव आणि आमचं न्हाणीघर

माझ्या जिभेने माझी अशी काही फजिती केली की विचारू नका. चहा घ्या आधी, मग हसा पोटभर!

मालवणात आमच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी असतात. परवा पोलंडची मार्ता उतरली होती. जुन्या शब्दांची पंडित! संध्याकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून इंग्रजीत सांगत होती, "अस्वलाला रशियन म्हणतात मेद्वेद, क्रोएशियन मेद्व्येद, आम्ही न्येज्व्येच. हे शेजारी शेजारी मांडले की त्यांचा मूळ शब्द बांधता येतो, मेद्वेदि. म्हणजे मध खाणारा."

कुठे लिहिलेला नाही हां हा शब्द! नातवंडांची तोंडं बघून आजोबांचं नाक ठरवायचं, तसलं काम. आणि त्यांचा 'मेदु' म्हणजे आपला मधुच की!

"हे तर टोपणनाव झालं. पण अस्वलाचं खरं नाव काय?" मी विचारलं.

"हरवलं! नाव घेतलं की अस्वल येतं, या भीतीने कुणी उच्चारलंच नाही."

मी हसून हसून लोळायचाच बाकी होतो. "आमची ही तसलीच! दिवेलागणीला सापाला जनावर म्हणते!"

आतून ही ओरडली, "ओ, तिनसांजेक नाव घेव नकात!"

"साप, साप, साप! इलो काय?" मी म्हणून दाखवलं. काय हौस बघा!

जरा वेळाने मार्ता टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाली. दिवा लावायला मी पुढे झालो, तर बादलीशेजारी फणा काढून नाग! माझी तर बोबडीच वळली.

"थांब!"

"काय झालं?"

एक शब्द म्हणायचा, एवढंच ना? नाही निघाला हो! पुन्हा नाव घेतलं आणि त्याचा भाऊ आला तर?

"अ‍ॅनिमल!"

"मांजर?" तिचा चेहरा फुलला. हात पुढे करून, लाडिक आवाज काढत बया निघाली की आत!

मी तिला आडवा आलो. हाताचा फणा केला, डोलवला, फुस्स केलं. तर ती टाळ्या वाजवायला लागली! आदल्या दिवशी मीच तिला दशावताराचा खेळ दाखवून आणला होता ना.

एवढ्यात ही चूल सोडून धावत आली. आत बघितलं आणि बोंब ठोकली, "साप! साप! स्नेक! भायर हो गो बाये!"

मार्ता एका उडीत खळ्यात. नाग मोरीच्या भोकातून माडांत पसार. पोरीचा जीव वाचला!

आणि मी? मी पडवीतल्या बाकावर चढून, तोंडावर बोट ठेवून हिच्यावर खेकसत होतो, "गो, हळू! नाव घेव नको त्याचा!"

मार्ताने माझ्याकडे बघितलं. मग पोट धरून खाली बसली.

"अस्वलाचं नाव ज्याने घालवलं ना," ती म्हणाली, "तो अस्साच बाकावर उभा असणार!"